या ना एकदा!

आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव फक्त टपालपेटीला ठाऊक आहे. बाकी सगळे त्यांना यानाकाका म्हणतात. लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, रिक्षाच्या रांगेत, कुठेही गाठ पडली की त्यांचा चेहरा गणपतीच्या मखरासारखा उजळतो आणि पाठोपाठ वाक्य येतं, ‘‘या ना एकदा घरी!’’ गेली अकरा वर्षं ते ए विंगमध्ये, आम्ही बी विंगमध्ये. मध्ये एक सोनचाफा आणि पाण्याची टाकी. एवढं अंतर त्या आमंत्रणाला अजून ओलांडता आलेलं नाही.

सगळी मेख त्या ‘एकदा’त आहे. ‘एकदा’ नावाचा वार कुठल्याही कॅलेंडरात छापत नाहीत. त्यावर उतारा एकच, ‘कधी?’ पण चारचौघांत असं विचारणं म्हणजे पंगतीत बसून वाढप्याकडे जिलब्यांचा हिशेब मागणं. तेव्हा आपणही ‘‘येऊ येऊ’’ म्हणतो आणि दोघंही सुटल्याच्या आनंदात आपापल्या वाटेला लागतो.

मी जन्मभर मुद्रितशोधन केलं. नेमका शब्द सापडल्याशिवाय मला झोप येत नाही. म्हणून यानाकाकांसाठी मोल्सवर्थचा १८५७चा कोश उघडला (पुनर्मुद्रणच, मूळ प्रत मुद्रितशोधकाच्या पगारात बसत नाही), शेजारी दाते-कर्व्यांचे खंड मांडले आणि कामाला लागलो. खोटेपणाच्या बाबतीत मराठी भाषा भलतीच श्रीमंत आहे. प्रत्येक मापाचा अंगरखा तयार आहे.

पहिला घालून पाहिला ‘ढोंगी’. सोंग आणि ढोंग यांत फरक आहे. दशावतारात रात्रभर राजा झालेला माणूस पहाटे तोंडाचा रंग पुसून शेतावर जातो. सोंग उतरतं. ढोंग उतरत नाही, कारण ढोंग्याला त्यातून काहीतरी उकळायचं असतं. यानाकाकांनी आजवर कुणाकडून काहीही उकळलेलं नाही. आमच्यासाठी चहासुद्धा नाही.

बरं, सोंग म्हणावं, तर सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. गणेशोत्सवाच्या बैठकीत ‘‘वर्गणीत पहिलं नाव माझं लिहा!’’ ही गर्जना त्यांचीच. पावतीपुस्तकात नाव पहिलं असतं खरं. त्यापुढची जागा अनंत चतुर्दशीपर्यंत कोरी.

मग ‘दांभिक’. पण गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादीच दंभापासून सुरू होते. काकांना असुर म्हणायचं, तर उंची, आवाज, महत्त्वाकांक्षा, काहीच जुळेना. ‘बगळा’ म्हणावं, तर बगळा निदान माशासाठी एका पायावर उभा राहतो. काका दोन्ही पायांवर उभे, आणि मासा शेजारून गेला तर त्यालाही म्हणतील, या ना एकदा!

‘तोंडपुजा’? तोंडपुजा साहेबाचं तोंड बघून पूजा करतो. काका वॉचमनच्या मिशांचीही तारीफ करतात.

‘साळसूद’ मात्र जवळ आला होता. ‘‘काही लागलं तर अर्ध्या रात्री हाक मारा’’ हे काकांचं दुसरं लाडकं वाक्य. एकदा माझ्या छातीत खरोखरच अर्ध्या रात्री दुखू लागलं. हिने त्यांना तीनदा फोन केला. घंटी वाजत राहिली. शेवटी वॉचमनने रिक्षा आणली. (पित्त निघालं.) सकाळी काका दारात हजर. ‘‘अहो वहिनी, हाक मारायची ना!’’ डोळे पाणावलेले. आपल्याला धावून येण्याची संधीच दिली नाही, याचं दुःख. आणि ते दुःख खरं होतं, हीच पंचाईत! साळसुदाला आपण काय केलं हे पक्कं माहीत असतं. काकांना पत्ताच नव्हता.

आता उरला ‘मानभावी’. तो त्यांना चिकटवणार, एवढ्यात व्युत्पत्ती आडवी आली. हा शब्द आला महानुभावांवरून. तेराव्या शतकातला चक्रधरांचा पंथ, ज्याच्या ‘लीळाचरित्रा’पासून मराठी गद्य ग्रंथाची सुरुवात मानतात, ज्यातली महदंबा आपली आद्य कवयित्री. पुढे त्यांनी पोथ्या सांकेतिक लिपीत बंद केल्या. लोकांचा संशय वाढला आणि पंथाचं नाव ढोंगाला पर्याय होऊन बसलं. ज्यांनी आपल्याला ग्रंथ लिहायला शिकवलं, त्यांचंच नाव शिवी म्हणून वापरायचं आणि वर मराठीच्या वैभवावर भाषणं ठोकायची! मी शब्द मिटून ठेवला. काकांनी कुणाचं एवढं वाईट केलेलं नाही.

शेवटी ‘तोंडदेखला’ सापडला. तोंड दिसेपर्यंतचा. यात फसवणूक नाही, लाभ नाही, कटही नाही. समोर तोंड आलं की जिव्हाळा पेटतो, तोंड वळलं की विझतो. जिन्यातल्या त्या नव्या दिव्यांसारखा. त्या दिव्याला कुणी खोटा म्हणत नाही. त्याच्या उजेडात फक्त पुस्तक वाचायला बसायचं नसतं.

हे मी हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, ‘‘शब्द बरोबर आहे का, ते तपासून बघू.’’ रविवारी संध्याकाळी पाव किलो पेढे घेऊन आम्ही ए विंगमध्ये गेलो. घंटी वाजवली. काकांनी दार उघडलं, चेहरा उजळला आणि सवयीने तोंडून गेलं, ‘‘अरे वा! या ना एकदा घरी!’’

आम्ही त्यांच्या पायपुसण्यावर उभे होतो.

आतून काकू आल्या. ‘‘बसा,’’ एवढंच म्हणाल्या, आणि दहा मिनिटांत कांदेपोहे आले, वर ओलं खोबरं. काका मात्र सोफ्याच्या टोकाला पाहुण्यासारखे अवघडून बसले होते. स्वतःच्या घरात काय बोलायचं असतं, ते त्यांना सुचेना. कंठ फुटला तो आम्ही चपला घालताना. ‘‘हे काही खरं नाही हं! आता एकदा निवांत या, जेवायलाच!’’

‘‘भाऊजी, कधी?’’ हिने विचारलं.

लिफ्ट आली म्हणून वाचले.