बाटली आपली, टेबल त्यांचं

मोठमोठ्या सहलजहाजांवर एक नियम असतो. चढण्याच्या दिवशी प्रत्येक सज्ञान प्रवाशाला ७५० मिलिलिटर वाईनची एक बाटली बरोबर नेता येते. ती आपल्या खोलीत बसून संपवली तर जहाजाचं सहसा काही म्हणणं नसतं. तीच बाटली काखोटीला मारून जेवणघरात गेलं आणि टेबलावर ठेवली, की बऱ्याच अमेरिकी कंपन्या बाटलीमागे पंधरा ते वीस डॉलर लावतात. याला म्हणतात कॉर्केज. द्राक्षं त्यांची नाहीत, वाईन त्यांची नाही, पिणारा घसा त्यांचा नाही; पैसे मात्र त्यांचे.

आमच्या कुळगावात हा विषय फारसा चर्चेत नव्हता. मोठ्या पाण्याशी आमचा संबंध म्हणजे बारवी धरण भरलं का, आणि उल्हास नदी पश्चिमेला कुठवर चढली, एवढाच. पण आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सपत्नीक मुलीकडे अमेरिकेला गेले, जावयाने हौसेने सिअ‍ॅटलहून अलास्काच्या सहलीची तिकिटं काढली, आणि ते परत आल्यापासून जिन्यात, गच्चीवर, टँकरची वाट पाहताना कॉर्केजशिवाय दुसरा विषय नाही.

सेक्रेटरींनी इथून नाशिकच्या लाल वाईनच्या दोन बाटल्या नेल्या होत्या. अमेरिकेत माणशी एक लिटर मद्य करमुक्त नेता येतं, हे त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं. सोसायटीचे उपविधी ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांना अमेरिकन कस्टम काय अवघड? उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून घेतलेल्या नव्या स्वेटरांत गुंडाळून बाटल्या सुखरूप पोचल्या. हेतू पिण्याचा कमी आणि दाखवण्याचा जास्त होता. द्राक्ष म्हटलं की जावई कॅलिफोर्नियाचं नाव घेतो, हे सासऱ्यांच्या मनात बरेच दिवस सलत होतं.

जावयाने मुलीच्या घरी त्या बाटल्या उघडायची घाई केली नाही. “जहाजावर नेऊ, तिथे मजा येईल,” म्हणाला. मजा किती डॉलरची, ते त्याला ठाऊक होतं. पण तो जावई असल्यामुळे बोलला नाही.

इथे जहाजाचीही बाजू ऐकून घ्यायला हवी. अशा सहलींचं तिकीट अनेकदा वाटतं तितकं महाग नसतं. कंपन्यांची खरी कमाई माणूस आत आल्यावर सुरू होते. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नात पाव ते तिसरा हिस्सा जहाजावरच्या खर्चाचा असतो: पेयं, जुगार, मालिश, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली. त्यात मद्याचा मान मोठा. म्हणून जहाजावर चढताना बॅगा तपासतात, त्या सुरक्षेसाठी जितक्या, तितक्याच बारमालकाच्या काळजीने. बंदरावरच्या दुकानात घेतलेली बाटलीही बऱ्याच जहाजांवर ताब्यात घेतात आणि सहल संपता संपता परत देतात, लग्नाचे दागिने सासूने कपाटात ठेवावेत तशा जिव्हाळ्याने.

प्रवासीही काही कमी नाहीत. माउथवॉशच्या बाटलीत व्होडका भरून त्यात हिरवा खाद्यरंग घालणारे लोक तिकडे आहेत. शाम्पूच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या खास पिशव्याही विकत मिळतात. पाण्याच्या बाटल्यांतून पाण्यासारखंच दिसणारं दुसरं काही येतं, हे लक्षात आल्यावर कार्निव्हल कंपनीने २०१५मध्ये पाण्याच्या बाटल्या आणायलाच बंदी केली. डबे आणा म्हणाले. या सगळ्या लपंडावात वाईनची ती एक बाटली आणि तिच्यावरचं शुल्क हा दोन्ही पक्षांनी केलेला तह आहे. चोरून एवढी खटपट करण्यापेक्षा उघड आणा, आणि आमच्या टेबलावर आणलीत तर आमचा मान ठेवा.

सेक्रेटरींना तहाची कलमं टेबलावर बसल्यावर कळली. नाशिकची बाटली त्यांनी हजाराच्या आतबाहेर घेतली होती. पंधरा डॉलर म्हणजे आजच्या भावाने तेराशे रुपयांच्या आसपास. म्हणजे बाटलीपेक्षा बाटली उघडणं महाग! त्यांनी वाढणाऱ्या माणसाच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि त्यांना आशेचा किरण दिसला. माणूस गोव्याचा होता. गोव्याच्या तारवटींनी पिढ्यानपिढ्या जगभरच्या जहाजांवर स्वयंपाकघरं आणि जेवणघरं सांभाळली आहेत, तो त्यांतलाच. सेक्रेटरींनी शुद्ध मराठीत, आपुलकीने, थोडं पुढे झुकून विचारलं, “अरे, आपल्याच मातीतली बाटली आहे. हिचं काय घेणार तू?” तो हसून म्हणाला, “काका, बिल मी नाही करत, कॉम्प्युटर करतो.” आणि पांढऱ्या रुमालात धरून त्याने बूच इतकं हलक्या हाताने काढलं की आवाजसुद्धा झाला नाही.

मग उंच दांड्याचे सहा ग्लास आले. सहा, कारण टेबलावर एक अमेरिकन जोडपंही होतं. त्यातल्या गृहस्थांनी लेबल वाचलं आणि भारतात वाईन होते का, असा प्रश्न विचारला. इथपर्यंतची हकीकत सेक्रेटरी दुःखाने सांगतात. इथून पुढे त्यांचा आवाज बदलतो. त्यांनी त्या गृहस्थांना नारायणगावापासून सांगायला घेतलं. १९८०च्या दशकात तिथे फसफसणारी वाईन होऊन थेट परदेशात जात होती. नाशिकमध्ये सुला वाईनरीची सुरुवात १९९९ची. राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं २००१मध्ये. नाशिकच्या रात्री थंड असतात, दिवस उन्हाचे, आणि द्राक्षाची तोडणी आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी होते, तुमच्यासारखी उन्हाळा संपता संपता नाही. शेवटी २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हा किती गदारोळ झाला, तेही सांगितलं. अमेरिकन जोडपं शेवटपर्यंत ऐकत होतं. मध्ये प्रश्नही विचारत होतं.

मी हे सगळं ऐकून मनात हिशेब केला. आमच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी अहवाल वाचायला उभे राहिले की तिसऱ्या मिनिटाला लोक मोबाइल काढतात. पंधरा डॉलरमध्ये पांढरं टेबलक्लॉथ, सहा चकचकीत ग्लास आणि प्रश्न विचारणारे दोन श्रोते. याहून स्वस्त काही त्या जहाजावर मिळालं असेल असं मला वाटत नाही.

अर्थात सेक्रेटरींनीही पैसे वसूल करायचे सोडले नाहीत. एकदा शुल्क भरलं की उरलेली बाटली जेवणघरवाले खोलीचा क्रमांक चिकटवून ठेवून देतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर आणतात. हे कळल्यावर त्यांनी ती बाटली तीन रात्री पुरवली. पाहुण्यांना पहिल्या रात्री नमुन्यापुरती. पुढे घरच्यांना औषधाच्या मापाने. पंधरा भागिले तीन, म्हणजे रात्रीचे पाच डॉलर. आकडा एकदम सुसह्य झाला.

दुसरी बाटली मात्र त्यांनी तत्त्वासाठी खोलीत उघडली. जावयाने बूच काढताना अर्धं आत ढकललं. ग्लास म्हणून न्हाणीघरातले, दात घासायचे पेले. समोर श्रोता कुणी नाही, मुलगी मोबाइलवर, जावई बुचाचे तुकडे गाळत बसलेला. वाईन तीच, गाव तेच, साल तेच. पण सेक्रेटरींचं म्हणणं, ही बाटली जरा उतरलेली निघाली. यावर वहिनींचं, म्हणजे सेक्रेटरींच्या पत्नीचं, मत मला जास्त शास्त्रीय वाटलं. त्या म्हणाल्या, “ह्यांना ती फुकट वाटली. पेले मी विसळले.”

त्या वाक्यानंतर मला कॉर्केजचा राग धरवेना. आपण कुठेही बसून काही खातो-पितो तेव्हा कुणीतरी जागा झाडलेली असते, कुणीतरी भांडं आणून देतं, नंतर कुणीतरी ते उचलतं. हॉटेलात हे पैसे पनीरच्या भाजीत मिसळलेले असतात म्हणून दिसत नाहीत. घरी ते बिलात येतच नाहीत, कारण बिल करणारी बाई बिल करत नाही. कॉर्केजच्या पावतीत मात्र पदार्थाचा एक पैसा नसतो. सगळे पैसे निव्वळ सरबराईचे. उघड्यावर आलेली किंमत आपल्याला उद्धट वाटते, एवढंच.

आणि असं शुल्क आपण काय कमी भरतो? मंगल कार्यालयात बाहेरचा केटरर आणायचा म्हटलं की कार्यालयवाले ‘रॉयल्टी’ मागतात. डेकोरेशनवाला बाहेरचा, तरी रॉयल्टी. मुलीच्या लग्नात वधुपिता ती मान खाली घालून भरतो आणि व्याह्यांना सांगताना ‘जरा रीतसर होतं ना सगळं’ म्हणतो. सरकारचं तर विचारूच नका. १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या कृपेने या राज्यात व्हिस्की-रम प्यायला परवाना लागतो: एका दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आजन्म हवा तर हजार. म्हणजे बाटली आपण आणली, ग्लास आपला, खुर्ची आपली, गॅलरी आपली, तरी झाकण फिरवण्याआधी महाराष्ट्र शासनाचा पाच रुपयांचा मान. जहाज निदान रुमालात धरून बूच काढून देतं.

मल्टिप्लेक्सचा वाद तर आपल्या डोळ्यांदेखत झाला. २०१८च्या जुलैमध्ये आमच्या शेजारच्या डोंबिवलीचे आमदार आणि तेव्हाचे राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी विधिमंडळात सांगितलं की प्रेक्षकांना बाहेरचे पदार्थ आत नेण्यापासून अडवता येणार नाही. त्या रात्री कुळगावात कितीतरी घरांत चिवडा डब्यात भरला गेला असेल. २०२३च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मात्र, चित्रगृह मालकाचं आहे, बाहेरचे पदार्थ रोखायचा हक्कही त्याचाच, असा निकाल दिला. पिण्याचं पाणी फुकट द्या आणि तान्ह्या बाळांचं खाणं अडवू नका, एवढं पाळायला सांगितलं. सुनावणीत तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी जिलेबीचा दाखला दिला: कुणी जिलेबी आणली आणि पाकाची बोटं खुर्चीला पुसली तर? देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे अखेर प्रश्न उरला तो वहिनींचाच. नंतर पुसणार कोण?

कॉर्केज नसलेलं जहाज आपल्या लोकांनी पाहिलेलं नाही असं नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटी आठवणारी माणसं आमच्या सोसायटीत आजही आहेत. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं घेतली की त्यांचे चेहरे उजळतात. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण करत बोट गोव्याकडे जायची. डेकवर ज्याने त्याने आपली सतरंजी पसरायची आणि आपलं बोचकं सोडायचं. दशम्या, चटणी, उकडलेली अंडी, सुकटीचा वास, आणि एखाद्या चाकरमान्याच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आणखी काही. कुणी कशाचे पैसे मागत नव्हतं. मागणार कशाच्या जोरावर? कंपनीने दिलेलं असायचं ते डेक आणि वारा. टेबल नाही, ग्लास नाही, बशी नाही. उलट्या झाल्या तर त्याही ज्याच्या त्याने निस्तरायच्या. ‘काय ते दिवस!’ म्हणणाऱ्या आमच्या आजोबांना मी विचारलं, की तशी बोट पुन्हा सुरू झाली तर जाणार का? त्यांनी आधी चौकशी केली, बसायला खुर्ची असेल ना, आणि जेवण बोटीवरच मिळेल ना.

त्याच किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१८मध्ये ‘आंग्रिया’ ही सहलबोट मुंबई-गोवा धावू लागली. सप्टेंबर २०२१पासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे सहलजहाज मुंबईहून सुटू लागलं. समुद्र तोच, मध्ये टेबलक्लॉथ आलं. आणि टेबलक्लॉथ आलं की त्याच्या धुलाईचा हिशेबही येतो.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची सभा झाली. तळमजल्यावरचा हॉल आता रंगवून, पंखे लावून, पंचवीस खुर्च्यांसह तयार आहे. बारशी, वाढदिवस, साखरपुडे यांसाठी तो द्यायचा ठरला. भाड्यावर वाद झाला नाही. मग सेक्रेटरींनी चष्मा वर सरकवला आणि स्वतःच ठराव मांडला: सभासदाने बाहेरचा केटरर आणल्यास वेगळं शुल्क आकारावं. लादी तेलकट होते, खरकटं उरतं, सफाईवाल्या मावशींना जादा काम पडतं, आणि शेवटी हॉल सोसायटीचा आहे. कुणीतरी मागून विचारलं, “म्हणजे कॉर्केजच ना?” सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले, “नाही. देखभाल.” त्यातला निम्मा भाग मावशींना द्यावा, अशी दुरुस्ती वहिनींनी सुचवली. अमेरिकेहून आल्यापासून सेक्रेटरी त्यांच्या दुरुस्त्यांना विरोध करत नाहीत. ठराव दुरुस्तीसह एकमताने मंजूर झाला.

सभेनंतरचा चहा आणि बटाटेवडे कोपऱ्यावरच्या टपरीवरून आले होते. त्यांना शुल्क लागू होतं का, हा मुद्दा पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे.