असदुल्ला, मुक्काम हेमलकसा

गडचिरोलीतल्या हेमलकशाला लोक येतात ते प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांची लोकबिरादरी पाहायला. दवाखाना पाहतात, प्राण्यांच्या अनाथालयापुढे फोटो काढतात आणि परततात. भाऊसाहेब येतात तलवार शोधायला. आलापल्लीला लाकडाच्या ठेक्यात केस पांढरे झाले. आता ठेका मुलाकडे आणि तलवारी ह्यांच्याकडे. जुन्या शस्त्रांचा शौकीन हा प्राणी तालुक्याला एक तरी निघतो. अनाथालयात त्याला घेत नाहीत, तो मोकळाच फिरतो.

माडिया माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड असते, पण तिच्यावर अक्षर नसतं. म्हणून भाऊसाहेब तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना हवं अरबी. सोनेरी, वळणदार आणि मुख्य म्हणजे न कळणारं.

"काय लिहिलं आहे जी?" कुणी विचारलं की ते डोळे मिटतात. "लई मोठं लिहिलं आहे."

उर्दू जाणणारे एक गुरुजी चहाला आले. भिंतीवरच्या तलवारीकडे पाहून म्हणाले, "भाऊसाहेब, ही उलटी टांगली आहे."

"लढाईत कोण सरळ धरून वाचतं?"

तरी गुरुजींनी मान वाकडी करून वाचलंच: असदुल्ला इस्फहानी यांची कारागिरी. झालं! शाह अब्बासच्या काळातला हा इराणी कारागीर त्या दिवसापासून घरचाच झाला. आता असदुल्लाचं नाव कोरलेली पाती जगभरात इतकी आहेत आणि त्यांवरचे सन इतके लांबवर पसरलेले आहेत, की ते खरे मानले तर म्हातारा दोनशे वर्षं घण मारत बसला असणार. नाव खपायचं, म्हणून पुढच्यांनीही तेच कोरलं. मी हे सांगितलं. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "तेव्हा तूप शुद्ध होतं."

खरी मौज पोलादात आहे. इराणी तलवारींना लागणारं उंची पोलाद तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतल्या भट्ट्यांत व्हायचं आणि ते न्यायला इराणचे व्यापारी तिथवर यायचे. म्हणजे सिरोंचाहून गोदावरी ओलांडली की ज्या मुलखात पाय पडतो, तिथलाच तो माल. हे ऐकून भाऊसाहेबांचा चेहरा पडला. बसनं जाता येईल इतक्या जवळच्या गोष्टीला ते पुरातन मानत नाहीत.

म्हणूनच रघूजी भोसल्यांची तलवार त्यांना पटली नाही. नागपूरकर भोसल्यांची ती फिरंग राज्य सरकारनं २०२५ साली लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाखांना सोडवून आणली. पातं युरोपी, त्यावर सोन्यात रघूजींचं नाव, तेही देवनागरीत. सगळ्या विदर्भाची छाती फुगली. भाऊसाहेबांनी फोटो नीट न्याहाळला आणि नाक मुरडलं, "वाचता येते हो!" टिपूची तलवार मात्र त्यांना मान्य आहे. २०२३ मध्ये ती १ कोटी ४० लाख पौंडांना गेली, तेव्हापासून स्वतःच्या तीन तलवारींची किंमत ते पौंडांतच सांगतात. विकत घेतल्या होत्या मात्र रुपयांत, जत्रेत.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो, भामरागडचा रस्ता तुटतो आणि असदुल्लाला गंज चढतो. मग भाऊसाहेब मोहाच्या बियांचं तेल घेऊन बसतात. गेल्या खेपेला थोडं जोरात घासलं, तर सोनं फडक्याला लागून आलं. "जुनं सोनं मऊ असतं," म्हणाले.

एकदा चादरीत गुंडाळून तलवार हेमलकशाला दाखवायला नेत होते. नाकाबंदीत बस थांबली.

"काय आहे?"

"अरबी आहे साहेब, चारशे वर्षं जुनी."

"मग परवानाही तेवढाच जुना असेल. दाखवा."

बस पुढे गेली, भाऊसाहेब संध्याकाळपर्यंत मागे राहिले.

तुमच्याही घरी कुणी अशी सोनेरी अक्षरांची तलवार घेऊन आलं, तर आधी ते सोनं पात्यात ठोकून बसवलंय की वरून चोपडलंय ते भिंगाखाली पाहा. ती खरंच शंभर वर्षांपलीकडची निघाली, तर पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर विकता येत नाही. आणि बसमध्ये नेण्याआधी ठाण्यात विचारा. गडचिरोलीत असाल तर चादर घेण्याआधीच विचारा.