अडकलाय की थांबलाय?

लिनक्स वापरणाऱ्या माणसाला घरात मान नसतो, पण प्रेक्षक भरपूर असतात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं झरझर पळत असली की बघणाऱ्याला वाटतं, हा बहुतेक एखादी बँक फोडतोय. तीच अक्षरं थांबली की बघणारा विचारतो, "हँग झाला का?" त्यानंतर प्रश्न येत नाही, सल्ला येतो. "बंद करून चालू करा."

विंडोज अडकलं तर निदान एक गोल तरी फिरत राहतो. त्या गोलाला काडीचा अर्थ नसतो, पण काहीतरी हलतंय म्हटल्यावर माणसाला धीर येतो. टर्मिनलमध्ये ॲप्ट अडकला की ‘० टक्के’ एवढं लिहून गप्प बसतो. कोणी मरायला टेकलाय की विचारात पडलाय, हे चेहऱ्यावरून ओळखू येऊ नये, तशी ती शांतता असते.

ज्यांचा या ॲप्टशी संबंध आलेला नाही त्या सुखी लोकांसाठी थोडक्यात सांगतो. लिनक्सच्या मुलखात सॉफ्टवेअर कुठून तरी उतरवून ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत बसवायची पद्धत नाही. सगळी पॅकेजेस तपासून, सहीशिक्क्यानिशी एका कोठारात ठेवलेली असतात. आपण नाव सांगायचं. पॅकेज मॅनेजर ते आणतो, त्याला लागणारं सटरफटरही आणतो आणि मांडून देतो. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियन सुरू केलं. त्यात एकेक पॅकेज सोडून जागच्या जागी लावणारा डीपीकेजी होता. १९९९ साली आलेल्या डेबियन २.१ मध्ये त्याच्या डोक्यावर ॲप्ट बसला. काय काय आणायचं ते ॲप्ट ठरवतो. हमाली डीपीकेजी करतो. चार वर्षं नोकरी केलेल्या कोणालाही ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

ॲप्टच्या मदतीच्या पानावर तळाशी लिहिलेलं असतं की याच्या अंगी महागायीची शक्ती आहे. मी थट्टा करत नाही. ‘ॲप्ट-गेट मू’ असं लिहिलं की पडद्यावर अक्षरांची गाय उभी राहते आणि आज हंबरलात का, अशी चौकशी करते. ही गाय मात्र कधीच अडकत नाही. कामाची नसलेली गोष्ट बिनबोभाट चालणं हा विश्वाचाच नियम असावा.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर हे सगळं भाच्याने घालून दिलं. तो बंगळुरूला असतो आणि तिथून फोनवर पेशंट तपासतो.

"मामा, आधी काय लिहिलंय ते वाच."

"कुलूप मिळत नाही म्हणतोय. कोणी तरी ‘अनअटेंडेड-अपग्र’ नावाचा इसम ते धरून बसलाय."

"अपग्रेड्स असं आहे ते. कर्नल नावाची पंधराच अक्षरं ठेवतो."

हा कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा, सैन्यातला नव्हे. पण शिस्त तीच. इंग्रजीत मोजून पंधरा अक्षरं झाली की पुढचं नाव कापलं जातं, आणि नाव कापलेला इसम उगाचच फरारी वाटायला लागतो. प्रत्यक्षात तो अगदी सज्जन असतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या गुपचूप बसवणं एवढंच त्याचं काम. वेळ पहाटे सहाची, वर तासाभराच्या आतला कुठला तरी उशीर चिठ्ठी टाकल्यासारखा ठरवलेला, म्हणजे जगातली सगळी यंत्रं एकाच क्षणी कोठारावर तुटून पडणार नाहीत. आता पहाटे सहाला माझा लॅपटॉप मिटलेला असतो आणि मीही. मग रात्री जेवून झाकण उघडलं की हा सकाळचं राहिलेलं काम काढून बसतो, आणि नेमकं तेव्हाच मला काही तरी बसवायचं असतं.

या प्रसंगी आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा एक तरुण ठासून सांगतो, "काका, ती लॉकची फाइल उडवून टाका." असा सल्ला देणाऱ्यांची संख्या एवढी आहे की मला इथे जरा थांबावं लागेल. चाळीत वाढलेल्यांना मुद्दा लगेच कळेल. सामाईक संडासाला आतून कडी आहे. बाहेर तुम्ही, हातात डबा, चेहऱ्यावर घाई. आता बिजागरीसकट दार उचकटून बाजूला ठेवलं म्हणून आतला माणूस नाहीसा होतो का? नाही. तो तिथेच असतो, फक्त आता दोघांचीही अब्रू जाते. डीपीकेजीच्या बाबतीत तर ती फाइल म्हणजे कडीसुद्धा नव्हे. फाइल तिथे बारमाही असते. कडी लावतो कर्नल, आणि आतला प्रोसेस आटोपला किंवा मेला की तोच ती काढतो. तुम्ही फाइल पुसली की पुढचा गडी येतो, नवी फाइल करतो, तिच्यावर नवी कडी लावून आत शिरतो, आणि मग पॅकेजांच्या एकाच वहीत दोघे जण दोन बाजूंनी लिहायला लागतात. आर्च लिनक्सच्या पॅकमनचं मात्र उलटं. तिथे फाइल असणं हीच कडी. पॅकमन मध्येच गचकला तर आत कोणी नसताना दार बंद राहतं; तिथे हाक मारून, कोणी ओ देत नाही याची खात्री करून, फाइल काढावीच लागते. तेव्हा दार तोडण्याआधी आपण कुठल्या चाळीत उभे आहोत ते बघावं, एवढंच माझं त्या तरुणाला सांगणं आहे. तो ऐकत नाही. तो इंजिनिअर आहे.

शून्य टक्क्यांवर बसून राहण्याचं कारण बहुधा वेगळंच असतं. त्यासाठी मी आमच्या इंटरनेटवाल्याला फोन केला होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यूट्यूब चालतंय का?" चालत होतं. "मग नेट ठीक आहे, सर." यूट्यूब चालणं ही आपल्याकडे नाडी लागण्यासारखी अंतिम खूण आहे. त्यापलीकडे वैद्यकशास्त्र जात नाही.

भाच्याने खरं कारण सांगितलं. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम ४३० कोटी. वाटणाऱ्यांच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच संपले. म्हणून आयपीव्ही६ नावाची नवी, प्रचंड मोठी पत्तेपद्धत आली. राऊटर आपल्या घराला नवा पत्ता तर देतो, पण काही ठिकाणी त्या पत्त्यावरून बाहेर जाणारा रस्ता झालेलाच नसतो. जुन्या आवृत्तीचा ॲप्ट बिचारा नियमाने वागणारा. नवा रस्ता कागदावर आहे ना? मग आधी त्यानेच जायचं. तिथे उभा राहतो, वाट बघतो, बराच वेळ बघतो, आणि मग जुन्या रस्त्याकडे वळतो. ब्राउझर चलाख असतात, ते दोन्ही रस्त्यांवर जवळजवळ एकदमच माणसं धाडतात आणि जो आधी पोचेल त्याला आपला म्हणतात. म्हणून यूट्यूब चालतं. ॲप्टला ‘बाबा रे, जुन्याच रस्त्याने जा’ असं बजावणारी एक ओळ आहे. ती घातली आणि शून्य हललं. आमचा इंटरनेटवाला नंतर वसुलीला आला तेव्हा त्याला मी हे सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, "बघा, नेट ठीकच होतं."

ज्याला दम निघत नाही तो कंट्रोल-सी दाबतो. मग पुढच्या वेळी संदेश येतो की डीपीकेजीच्या कामात व्यत्यय आला होता, तरी आपण स्वहस्ते अमुक आज्ञा चालवावी. आज्ञा अक्षरन् अक्षर लिहून दिलेली असते. एवढी पाठ आहे तर तूच का चालवत नाहीस, असं विचारायची सोय नाही. डीपीकेजीच्या दप्तरात अशा अर्ध्यात सोडलेल्या पॅकेजांसाठी वेगवेगळे शेरे आहेत: अर्धं बसवलेलं, सोडलेलं पण न लावलेलं, अर्धं लावलेलं, कशाची तरी वाट बघणारं. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची फाइल आजवर यातल्या प्रत्येक अवस्थेतून गेली आहे. फक्त ‘बसवलं’ हा शेरा तेवढा बाकी आहे.

भाच्याची खरी विद्या मात्र एस-ट्रेसची. कुठलाही चालू प्रोसेस या क्षणी कर्नलकडे नेमकं काय मागतोय ते हे हत्यार दाखवतं. "मामा, तो अडकलाय का हे विचारूच नकोस," भाचा म्हणतो. "तो कोणाची वाट बघतोय ते विचार." कुलपाची बघत असेल तर एक ओळ दिसते, नेटची बघत असेल तर दुसरी. डिस्कची बघत असेल तर प्रोसेससमोर ‘डी’ हे अक्षर येतं, आणि त्या अवस्थेत त्याला ठार मारायचा हुकूम सोडला तरी डिस्क उत्तर देईपर्यंत तो मरत नाही. आणि कधी कधी ‘रीड शून्य’ असं येतं. शून्य म्हणजे कीबोर्ड. म्हणजे मंडळी, तो तुमची वाट बघतोय.

हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी फाँट बसवत होतो. देवनागरीचा प्रश्न नव्हता. रेड हॅटने मोकळे केलेले लोहित फाँट काही न विचारता येऊन बसले होते. पण सोसायटीची सगळी पत्रं एरियल आणि टाइम्स न्यू रोमनमध्ये येतात, आणि ते फाँट नसले की सभेच्या नोटिशीतला हिशेबाचा तक्ता मोडतो आणि दुरुस्ती निधी पुढच्या पानावर जातो. मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून काही फाँट सगळ्यांना फुकट उतरवू दिले होते. २००२ मध्ये ते बंद केलं, पण आधीच्या परवान्यानुसार मूळ फायली जशाच्या तशा वाटायला मुभा राहिली. म्हणून लिनक्सच्या त्या पॅकेजात फाँट नसतातच. ते आधी तुमच्याकडून करारनामा कबूल करून घेतं आणि मग फाँट आणायला जातं.

तर पडद्यावर तो करारनामा पसरलेला. तळाशी ‘ओके’. माऊसने टिचकी मारली, ढिम्म. एंटर मारलं, ढिम्म. बाण दाबले की मजकूर वरखाली होत होता आणि ‘ओके’ जिथल्या तिथे. एव्हाना प्रेक्षक जमले होते. बायको म्हणाली, "अहो, हँग झालाय तो, बंद करा." दुसऱ्या मजल्यावरचा तरुण कुठली फाइल उडवायची याचा विचार करत होता. मी भाच्याला फोन लावून एस-ट्रेसची ओळ वाचून दाखवत होतो, तेवढ्यात पाण्याच्या टँकरची वर्गणी मागायला आमचे मॅनेजरकाका आले. राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त. चष्मा कपाळावरून नाकावर घेत त्यांनी पडदा नीट वाचला. मला वाटतं, त्या खोलीत मजकूर वाचणारे ते पहिलेच.

"अहो, हे कुठलं हँग? सही मागतंय ते." आणि त्यांनी खुर्चीमागून हात घालून टॅब दाबला. ‘ओके’ लाल झालं. एंटर. पुढचा प्रश्न आला, अटी मान्य आहेत का. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्यांनी माझ्या वतीने मान्य करून टाकलं.

"काका, तुम्हाला कसं..."

"आमच्या शाखेत बँकांच्या यांत्रिकीकरणाच्या रंगराजन कमिटीनंतर ती लेजर पोस्टिंग मशिनं आली ना. युनियनचा विरोध, म्हणून कॉम्प्युटर म्हणायचं नाही, मशिन म्हणायचं. आत युनिक्स. माऊस कुठला आलाय? टॅबने रकाना बदलायचा, एंटरने पास करायचं. व्हाउचर अडलं की नवीन पोरं ओरडायची, सिस्टिम हँग! मी विचारायचो, पास कोणी करायचंय? बहुतेक वेळा तोच उभा असायचा ज्याने करायचंय."

फोनवर भाचा म्हणाला, "मामा, या काकांना एस-ट्रेसची गरज नाही."

फाँट उतरले. मग पडदा पुन्हा थांबला, या वेळी ‘मॅन-डीबीचे ट्रिगर’ असं लिहून. म्हणजे पॅकेजांबरोबर आलेल्या माहितीपानांची सूची तो नव्याने लावत होता. ही पानं मी वाचत नाही, भाचा वाचत नाही, तो तरुण तर वाचणं शक्यच नाही. पण सूची दर वेळी लागते. शिवाय डीपीकेजी हे संशयी खातं. लिहिलं म्हणून डिस्कने सांगितलेलं त्याला पुरत नाही, खरंच तबकडीवर उतरलं का ते तो पुन्हा पुन्हा विचारत बसतो, मध्येच वीज गेली तर वही फाटू नये म्हणून. जुन्या फिरत्या डिस्कवर हे विचारणं फार वेळ चालतं. ते टाळायला ‘ईट माय डेटा’ नावाचं एक साधन मिळतं. नाव वाचून मी त्याच्या वाटेला गेलो नाही. मॅनेजरकाकांना मात्र ही पद्धत एकदम पसंत पडली. "दिवसाचा ताळा जुळल्याशिवाय घरी जायचं नाही," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. बायकोने चहा ठेवला. वर्गणीचा विषय निघालाच नाही, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

शेवटी काम आटोपलं आणि ॲप्टने एक यादी छापली: पुढील पॅकेजेस आपोआप बसवली गेली होती, आता त्यांची गरज उरलेली नाही, काढायची असल्यास अमुक आज्ञा द्या.

मॅनेजरकाकांनी कप खाली ठेवला. "गरज उरली नाही असं लेखी देतो हा?"

"सगळ्यांनाच देतो, काका."

"आणि लगेच काढतो?"

"नाही, आपण सांगितलं तरच. नाही तर राहतात तशीच पडून, जागा अडवत."

"राहू द्या मग," ते म्हणाले. "आणि टँकरचे पाचशे काढा."