एकरी झडती

घाटावरच्या कास्तकाराला ‘कसं काय, बरं आहे का?’ असं विचारलं की तो ‘बरं आहे’ म्हणतो आणि विषय संपतो. ‘सोयाबीनची झडती किती लागली?’, म्हणजे एकरी किती क्विंटल पिकलं, असं विचारलं की मात्र तो आधी तुमच्याकडे नीट बघतो. तुम्ही कोण, कशापायी विचारता, ऐकून पुढे कुणाच्या कानावर घालाल, याचा अंदाज घेतो. तंबाखू मळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ जातो. मग एकरी आकडा बाहेर येतो, आणि तो खास तुमच्यासाठी असतो.

बुलढाणा जिल्ह्याचे तालुके तेरा. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं त्यांचे दोन भाग केलेत, घाटावरचे आणि घाटाखालचे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळं रान, कपाशी आणि खारं पाणी. घाटावर चिखली-मेहकरकडे सोयाबीन आणि त्यात तुरीचं तास. दोन्हीकडची बोली वेगळी, सोयरिकीचे नखरे वेगळे, पण हा माणूस दोन्हीकडे सारखाच सापडतो. त्याला आपण आबा म्हणू. खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण कुठलंही सांगितलं तरी त्या नावाचे पाचपन्नास लोक म्हणतील, हे आमच्या चुलतभावाचं आहे.

आबा साठीच्या पुढचे. पांढरा पायजमा, डोक्याला रुमाल आणि खिशात चष्म्याचं घर. त्यात चष्म्याऐवजी कृषी केंद्राच्या उधारीच्या चिठ्ठ्या. रान आठ एकर, विहीर एक आणि तिला पाणी संक्रांतीपर्यंत. व्यसन म्हणाल तर तंबाखूचं आणि आकड्यांचं.

यंदाच्या झडतीचंच घ्या. कृषी केंद्रवाल्यानं विचारलं तेव्हा आबा म्हणाले, “तीन.” बियाणं, खत आणि फवारणीची औषधं त्याच्याकडून उधार आणलेली. सहा सांगितलं तर तो वही काढतो आणि दोन सांगितलं तर पुढच्या वर्षी उधारी बंद करतो. तीन म्हटलं की त्याला दयाही येते आणि आशाही राहते.

चहाच्या टपरीवर तोच आकडा आठ होतो. तिथं नियम असा, की आपण आधी बोलायचं नाही. जो आधी बोलतो तो हरतो. शेजारचा धुरेकरी सात म्हणाला, की आबा थोडं थांबून, काहीच विशेष नाही अशा आवाजात आठ म्हणतात. तो नऊ म्हणाला असता तर आबा त्याच आवाजात म्हणाले असते, “नवाच्या खाली आपलं कधी येतच नाही.”

पुण्याच्या धाकट्या भावाचा फोन आला तर आकडाच नसतो. “कायचं काय, खर्चबी निघाला नाही,” एवढंच. सातबाऱ्यावर भावाचंही नाव आहे आणि भावाला ते अधूनमधून आठवतं. तोही काही कमी नाही. पगार किती झाला, असं आबांनी विचारलं की तिकडून उत्तर येतं, “कापून-छाटून हातात काही राहत नाही, दादा.” दोघंही सुस्कारा सोडतात. एकाच आईची लेकरं आहेत हे त्या सुस्काऱ्यावरून कळतं.

ट्रॅक्टरचं कर्ज मागायला गेले तेव्हा साहेबाच्या टेबलासमोर आबांचं रान एकरी बारा द्यायचं. हप्ता थकल्यावर साहेबांनी बोलावलं तेव्हा तेच रान तीन देऊ लागलं. टेबल तेच, खुर्ची तीच, रानही तेच. साहेब मात्र बदलून आलेले, आणि आबांना त्याचा आधार.

एवढं सगळं करून सप्ताह आला की हाच माणूस भंडाऱ्याला अख्खं क्विंटलभर गहू देतो. ज्यानं खर्चही निघाला नाही म्हणून सांगितलं, त्याचं नाव लाउडस्पीकरवर दोनदा पुकारलं जातं आणि तो मान खाली घालून ऐकतो. शेगावला गेल्यावर आबा झडतीचा विषयच काढत नाहीत. गजानन महाराजांना सगळं माहीत असतं, तिथं आकडा सांगून फायदा नाही. तिथं ते फक्त मागतात. मागतात ते बारा.

मग खरा आकडा कुणाला माहीत असतो? फक्त दोघांना. एक थ्रेशरवाला. सोंगणी होऊन सुडी लागली, की तो येतो आणि कट्ट्यामागे पैसे घेतो, त्यामुळे त्याच्यापुढे कट्टे लपत नाहीत. गावातल्या प्रत्येकाची झडती त्याला तोंडपाठ असते. पण तो कुणाचं कुणाला सांगत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याला त्याच गावात मशीन आणायची असते. दुसरी आबांची बायको, माई. आबा टपरीवर जातात तेव्हा कट्ट्यांची तोंडं माई शिवते. यंदा एकरी सहा लागली, हे तिला सुतळीवरून कळलं. तीही कुणाला सांगत नाही. आबा तिच्यासमोर पाहुण्यांना आठ सांगतात तेव्हा ती चहात साखर जास्त टाकते. तेवढाच तिचा निषेध.

माणसाचा स्वभाव म्हणजे काय हे कादंबरीकाराला कळतं ते इथं. तलाठी विचारतो, किती झालं. व्यापारी विचारतो, किती आणलं. कादंबरीकार विचारतो, कुणाला किती सांगितलं. पहिल्या दोघांच्या वहीत एकेकच आकडा उतरतो. तिसऱ्याच्या हाती अख्खा माणूस लागतो. कुणाची भीती वाटते, कुणापुढे छाती काढावीशी वाटते, कुणाचं देणं मनातून गेलेलं नाही आणि कुणाचं मन मोडवत नाही, हे सगळं त्या तीन-आठ-बारामध्ये असतं.

आमच्या जिल्ह्याला असा कादंबरीकार लाभलाही. चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख. त्यांच्या ‘बारोमास’ला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कास्तकाराचं घर, शिकून नोकरीविना घरी बसलेला मुलगा आणि बारा महिने पुरून उरणारी ओढाताण असा तिचा ऐवज. आबांच्या पोरानं कॉलेजात असताना ती घरी आणली होती. आबांनी दुपारच्या वेळी अर्धी वाचली आणि चष्मा काढून निकाल दिला, “हे तं सारं आपल्या तुकडीवरल्या काकाच्या घरचं हाये. पन त्यानं इतकं घरातलं बाहेर सांगाले नव्हतं पाह्यजे.” चांगली कादंबरी वाचताना माणसाला तिच्यात सगळं गाव दिसतं, आपण तेवढे दिसत नाही. वाचणाराही झडती देतच असतो.

लेखकांनीही यावर फार हसू नये. पुस्तक किती खपलं, असं विचारून बघा. मित्राला सांगायचा आकडा, दुसऱ्या लेखकाला सांगायचा आणि बायकोला सांगायचा असे तीन आकडे माझ्याकडे तयार आहेत. खरा आकडा प्रकाशकाला माहीत असतो आणि तोही थ्रेशरवाल्यासारखा गप्प बसतो.

आबांना लबाड म्हणणं सोपं आहे. पण ते ज्या जगात पेरतात त्या जगाचे आकडे तरी कुठे एका जागी उभे राहतात? पिकाची पैसेवारी बघा. आधी नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेली तर गाव दुष्काळाच्या हिशेबात, एक पैसा वर राहिली तर गाव सुखी. सरकार तीनदा आकडा काढतं तेव्हा त्याला कार्यपद्धती म्हणतात. आबा पाचदा काढतात तेव्हा त्याला बनवाबनवी म्हणतात.

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. वावरात अठरा धान्यांचं रिंगण करतात आणि मधोमध पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊस, पीक आणि भाव यांचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघांनी सुरू केलेली ही रीत तीनेकशे वर्षांची मानतात. विज्ञानवादी मंडळी तिच्यावर टीका करतात. आबा दोन्ही बाजूंचं ऐकतात आणि गरजेपुरतं उचलतात. भाकितात ‘पाऊस साधारण’ आलं की कृषी केंद्रवाल्याला सांगतात, “साधारन म्हंजे चांगलाच की, द्या दोन बॅगा.” सालदार उचल मागायला आला की म्हणतात, “साधारन सांगतला बाप्पा, यंदा काही खरं नाही.”

बाजार समितीत तरी काटा असतो म्हणावं, तर तिथं ओलावा मोजायची मशीन. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, पण सरकारी खरेदीला ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागायचा. माल काही बाराच्या आत येईना, तेव्हा त्याच हंगामात ती मर्यादा पंधरा टक्के झाली. आबांनी बातमी ऐकली आणि म्हणाले, “पाह्य, दाना तोच. काल वल्ला होता, आज वाळला.” त्या बोलण्यात तक्रार नव्हती. एका जाणकारानं दुसऱ्या जाणकाराला दिलेली ती दाद होती.

आता आबांची खरी परीक्षा सांगतो.

परतीच्या पावसानं झोडपलं होतं. वरच्या वावरातलं सोयाबीन घरात आलं होतं आणि खालच्या वावरात शेंगांना कोंब फुटले होते. पंचनामे सुरू झाले. नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर असलं तर सरकारी मदत, म्हणून तलाठी आणि कृषी सहायक धुऱ्याधुऱ्यानं फिरत होते. त्याच सकाळी आबांच्या धाकट्या पोराचं घरदार बघायला पाहुणे आले. हल्ली कास्तकाराच्या पोराला मुलगी मिळणं म्हणजे काय ते घाटावरच्या कुठल्याही घरात विचारा. पोरगा निर्व्यसनी, आयटीआय झालेला, पण नोकरी नाही. त्यामुळे सगळी मदार रानावर. मुलीचा बाप म्हणाला, “चाला, वावर पाहू.” माझ्याकडे मोटारसायकल म्हणून मला सोबत घेतलं.

आम्ही धुऱ्यावर पोचलो तर समोरून तलाठी साहेब. काखेत कागद, मागे कृषी सहायक आणि हातात फोटो काढायला मोबाइल.

आबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. एका बाजूला ज्यांना दहा सांगायचं ते आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना दोन सांगायचं ते, मधे सहाचा माणूस. तलाठ्यानं पेनचं टोपण काढलं. “बोला आबा, एकरी किती येणार होतं, किती आलं?” पाहुण्यानं कान टवकारला. मी आभाळाकडे बघू लागलो.

आबांनी घाई केली नाही. खाली वाकून मातीचं ढेकूळ उचललं, हातात फोडलं, पाहुण्याला दाखवलं, साहेबाला दाखवलं आणि म्हणाले,

“दहाचं रान हाये साहेब. दोनावर आलं.”

तलाठ्यानं मान डोलावली आणि कागदावर दोन उतरवलं. पाहुण्यानंही मान डोलावली, त्याच्या कानात दहा उतरलं होतं. शब्द सहा-सातच, पण त्यात नुकसानभरपाई होती, पोराचं लग्न होतं, बापजाद्यांच्या रानाची इज्जत होती आणि यंदाच्या पावसाला दिलेली शिवीही होती. खोटं म्हणावं तर बोट कुठल्या शब्दावर ठेवायचं? रानानं एके वर्षी दहा दिलेले होते, आणि खालच्या वावरात दोन तरी हाती लागतील की नाही अशी गत होती. घरातले कट्टे कुणी विचारलेच नव्हते. अशी वाक्यं सुचावीत म्हणून आम्ही लिहिणारे आयुष्यभर टेबलाशी बसतो. आबांना ती धुऱ्यावर सुचतात, कारण चुकलं तर आमचा कागद फाटतो आणि त्यांचं घर.

घरी आल्यावर पोहे झाले, चहा झाला. माईनं साखर जरा जास्तच टाकली होती. पाहुण्यांचं विहिरीत डोकावून झालं, गोठ्यातली जनावरं मोजून झाली. ‘कळवतो’ म्हणून ते उठले. मी मुलीच्या बापाला फाट्यावर एसटीला सोडायला निघालो.

मागच्या सीटवर तो बराच वेळ बोलला नाही. नाला ओलांडल्यावर म्हणाला, “तुमी त्यायच्या घरोब्यातले काय?”

“शेजारी आहे,” मी जपून म्हणालो. पुढचा प्रश्न झडतीचा असणार आणि आपण कुठला आकडा द्यायचा, या काळजीत मी गाडी हळू केली.

त्यानं विचारलंच नाही. स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला, “दहा म्हनले, दोन म्हनले. म्हंजे सहा धरून चालू.”

मी काही बोललो नाही. थ्रेशरवाल्याचं व्रत मीही पाळलं. पण त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाला, “मीबी लग्नात पाचशे पान उठवतो म्हनलो हाये. ते तीनशे धरतीन. जमते ही सोयरीक. दोघाचाबी हिशेब एकच हाये.”