ठासणीकाका

जुन्या पनवेलात एखादं कौलारू घर बिल्डरच्या नजरेतून अजून सुटलेलं असेल आणि खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी त्याच्या पडवीतून जुनी धोतरं फाडल्याचा आवाज येत असेल, तर आत ठासणीकाका आहेत असं खुशाल समजावं. पूर्वी प्रत्येक आळीला एक असे. आता संख्या रोडावली आहे, पण जे उरलेत ते एकाच साच्यातले. सत्तरी ओलांडलेली, अंगात बंडी, आणि बंडीला टोचलेली एक सुई. घरात बटण तुटलं तरी ती सुई मिळत नाही. ती बंदुकीची.

बंदूक आजोबांची, ठासणीची. तिला कुणी ‘रायफल’ म्हटलं की त्याचा चहा रद्द होतो. “रायफलीच्या नळीत आटे असतात. हिची नळी आतून गुळगुळीत!” एवढं बजावून काका आधी गज नळीत सोडतात. तळाशी लोखंडावर लोखंड वाजून ‘टण्ण’ आवाज आला, म्हणजे बंदूक रिकामी. ती रिकामी आहे हे अख्ख्या पनवेलला ठाऊक आहे, पण काकांचा पनवेलवर विश्वास नाही.

मग खरा विधी सुरू होतो. दस्ता, नळी वगैरे किरकोळ गोष्टी नातवाने पुसल्या तरी चालतात. घोडा आणि निपल यांना मात्र काकांखेरीज कुणाचा हात लागत नाही. निपल म्हणजे जिच्यावर केप (ठोक्याने पेटणारी छोटी टोपी) बसते ती करंगळीच्या पेराएवढी पोकळ खुंटी. घोडा केपेवर आपटतो, ठिणगी त्या बारीक भोकातून आत दारूपर्यंत जाते आणि बार होतो. भोकात काजळी, गंज किंवा नुसता तेलाचा थेंब अडकला तरी केप फुटते आणि बंदूक गप्प राहते. समोर डुक्कर असेल तर ते हसतं, असं काका म्हणतात.

निपल चावीने सोडवून ते वाटीतल्या गरम पाण्यात टाकतात. वाटी कुठली, हे काकूंना विचारू नये. मग सुई भोकातून आरपार, मग कापसाची वात, मग उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहणी. भोकातून त्यांना समोरच्या टॉवरच्या सोळाव्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे दिसले की निपल पास. नळीची तऱ्हा वेगळी. तिचं बूड बादलीत ठेवायचं, गजाला चिंधी गुंडाळून वरखाली करायची, की निपलच्या जागेतून पाणी आत-बाहेर होतं. बार झालेल्या बंदुकीतून काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी येतं. काकांच्या बंदुकीतून जसं गेलं तसं पाणी परत येतं. त्याने ते खट्टू होतात. एका वर्षी पाणी निळसर आलं तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारून दाखवलं. काकू म्हणाल्या, “ती चिंधी माझ्या नव्या परकराची आहे. रंग जातोय तिचा.”

शास्त्राला ते पक्के आहेत, हे कबूल करायला हवं. काळ्या दारूत साधारण तीन चतुर्थांश सोरा, बाकी कोळसा आणि गंधक. जळल्यावर जो क्षार मागे राहतो तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि लोखंड खातो. तो रॉकेलने निघत नाही, त्याला पाणीच लागतं. पाणी झालं की लगेच कोरडं करायचं, आणि मग तेल. तेल शिवणयंत्राचं. खोबरेल चिकटतं. तेही बेताचं, आणि वर बंदूक भिंतीला उलटी, तोंड खाली करून टेकवायची, म्हणजे जादा तेल ओघळून निपलमध्ये साचत नाही. पनवेलच्या पावसात चार महिने चपलांना बुरशी येते, पण काकांच्या निपलवर ठिपका दिसणार नाही.

इतिहासही त्यांच्याकडून ऐकावा. फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याला शिकारीचा नाद. चकमकीची ठिणगी दिसली की पाखरं बार होण्याआधीच उडायची. म्हणून त्याने ठोक्याने पेटणारी दारू वापरायची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. केप तिच्यातूनच पुढे आली. “देवाचा माणूस, पण पाखरांच्या बाबतीत कडक!” इथून काका थेट शिरढोणला उतरतात, कारण वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव पनवेलपासून हाकेवर. हत्यारबंदीचा कायदा १८७८चा, फडक्यांचं बंड १८७९चं. “कायदा झाला आणि वर्षात बंड झालं. योगायोग म्हणतोस?” मी काहीच म्हटलेलं नसतं.

सध्या कायदा १९५९चा आहे आणि त्यावर काकांचा जीव आहे. पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक पुरते, असं तो कायदा धरून चालतो. पुरत नसेल तरच दुसरीचा विचार. हे कलम ते आरतीसारखं म्हणतात. काकांचा परवानाही पीकसंरक्षणाचाच. फक्त पीक राहिलेलं नाही. भाताची खाचरं होती तिथे आता क्लबहाउस आहे, आणि रानडुकरं कर्नाळ्याच्या बाजूला निघून गेली. ती परत आलीच, तरी वनखात्याला विचारल्याशिवाय केप बसवता येणार नाही. कोडगूच्या कोडवांना परवान्यातून सूट आहे, ही गोष्ट काका सासुरवाडीच्या श्रीमंत साडूबद्दल बोलावं तशी सांगतात.

त्यांचा खरा शत्रू निवडणूक. आचारसंहिता लागली की बंदूक चौकीत जमा. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या, तेव्हा काकांनी दोनदा तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून, सोबत तेलाची बाटली आणि सूचनांचा कागद देऊन रवाना केलं. ‘उलटी ठेवणे’ या ओळीखाली दोन रेघा होत्या. निकाल लागला त्या संध्याकाळी कोण निवडून आलं हे घरात सगळ्यांना कळलं होतं. काका चौकीच्या दारात उभे होते.

परवाना आता पाच वर्षांचा असतो, पण नूतनीकरणाला “पीक कोणतं?” हा प्रश्न येतोच. यंदा काकांकडे उत्तर तयार आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि विमानतळांवर पाखरं उठवायला मोठे आवाज करतात हे त्यांनी कुठंतरी वाचलं. लगेच अर्ज लिहायला घेतला. विषय : विमानांच्या संरक्षणार्थ ठासणीची बंदूक, मालकासह, विनामूल्य.

मी विचारलं, “पण काका, हिचा बार शेवटचा कधी काढलात?”

काकांनी निपलवरून सावकाश फडकं फिरवलं. “वेडा आहेस का? बार काढला तर घाण होईल ना ही!”