देवऋषीला कलम, बाबाला कॅमेरा

मैंदर्गीतल्या एखाद्या देवऋषीने ‘मला डोळ्यांपलीकडचे दिसते’ असा धाक घालून कुणाकडून लिंबू-अंगाऱ्याचे पैसे उकळले, तर त्याची सोय सरकारने करून ठेवली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला त्याच २०१३ साली, आधी वटहुकूम आणि डिसेंबरात विधिमंडळाची मंजुरी अशा क्रमाने जादूटोणाविरोधी कायदा आला. सहा महिने ते सात वर्षे कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. अनुसूचीत अतींद्रिय शक्तीचा नावानिशी उल्लेख आहे, आणि लक्ष ठेवायला दक्षता अधिकारीही आहे. मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातले, गाणगापूरच्या वाटेवरचे गाव. भानामतीच्या गोष्टी इथे मराठीत सुरू होतात आणि कानडीत संपतात. म्हणून देवऋषीने सीमा ओलांडून पळायचे ठरवले, तर पलीकडे कर्नाटकाने २०१७ साली आपला कायदा करून ठेवला आहे. बिचाऱ्याला दोन्ही राज्यांत थारा नाही. पण केंद्र सरकारकडे एक जागा आहे. तिथे असाच अलौकिक शक्तीचा दावा घेऊन गेले तर फौजदार भेटत नाही, डॉक्टर भेटतात, तेही पस्तीसेक जणांचा ताफा घेऊन.

२०१० सालच्या २२ एप्रिलपासून ६ मेपर्यंत अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात प्रल्हाद जानी नावाचे गुजरातेतील अंबाजीचे साधू निरीक्षणाखाली होते. वय ऐंशीच्या पुढे. दावा असा की सत्तर वर्षे अन्नपाणी घेतलेले नाही, देवी टाळूतून अमृत ठिबकवते. निरीक्षणाला बसली होती डिपास, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची, डीआरडीओची, शरीरक्रियाशास्त्राची दिल्लीतील प्रयोगशाळा. हेतू उदात्त होता : रसद तुटलेल्या सैनिकाला आणि आपत्तीत अडकलेल्या माणसाला अन्नपाण्याशिवाय तगवण्याचे गुपित हाती लागावे. सियाचीनच्या चौकीवर रॉकेल आणि डबाबंद जेवण चढवण्याऐवजी टाळूला भोक पडलेले जवान चढवले की खर्च किती वाचेल, हा हिशेब कुणी मांडल्याचे ऐकिवात नाही, पण मांडायला हरकत नव्हती. पंधरा दिवसांनी जाहीर झाले की बाबांनी खाल्ले नाही, प्यायले नाही, लघवीलाही गेले नाहीत. हे सांगितले गेले पत्रकारांना. मधल्या काळात बाबा ऊन खायला खोलीबाहेर जात होते, गुळण्या आणि आंघोळ करत होते, भक्तांना भेटत होते. सनल एडामारुकू या विवेकवादी कार्यकर्त्याने आत येऊन पाहू द्या म्हटले, तेव्हा दार उघडले नाही.

हा प्रयोग खोटा होता की खरा, या वादात शिरण्याचे कारणच नाही. त्याआधीचा एक प्रश्न आहे, आणि तो कुठल्याही नीतिसमितीने पहिल्या पाच मिनिटांत विचारायला हवा. माणूस पाण्यावाचून काही दिवसांतच मरणाच्या दारी जातो. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला पंधरा दिवस पाण्यावाचून ठेवायची परवानगी मागणारा अर्ज समोर आला, तर सदस्यांनी काय करायचे? दावा खरा आहे असे त्यांनी धरले, तर प्रयोगाआधीच निष्कर्ष मान्य केला. खोटा आहे असे धरले, तर डोळ्यांदेखत एका म्हाताऱ्याच्या जिवाशी खेळ मांडायला सही केली. यातून सुटकेची वाट एकच : दावा खोटा असला तरी बाबांना कुठेतरी घोटभर पाणी मिळेल एवढी ढिलाई व्यवस्थेत असली पाहिजे. म्हणजे पहारा जितका सैल तितका प्रयोग नैतिक, आणि पहारा जितका कडक तितका तो गुन्ह्याच्या जवळ. १९९९ साली ऑस्ट्रेलियात हवेवर जगण्याचा असाच दावा करणाऱ्या जस्मुहीन नावाच्या बाईंची परीक्षा एका टीव्ही वाहिनीने घेतली. चार दिवसांत डॉक्टरांनी ती थांबवली, कारण शरीरातले पाणी आटून बाई आजारी पडत चालल्या होत्या. टीव्हीवाल्यांना जे जमले ते संरक्षण खात्याला कशाला जमावे!

अमेरिकेने मात्र या बाबतीत कागदपत्रांत कसूर ठेवली नाही. १९७२ पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रसेल टार्ग आणि हॅरल्ड पुथॉफ हे दोन भौतिकशास्त्रज्ञ सीआयएच्या पैशावर दूरदृष्टीचे प्रयोग करू लागले : खोलीत बसून हजारो मैलांवरचा रशियन तळ मनाने पाहायचा. पुढे लष्कराने फोर्ट मीडच्या छावणीत आपली तुकडीच बसवली. तिची नावे बदलत गेली, ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक, शेवटी स्टारगेट. खर्च सुमारे दोन कोटी डॉलर. १९८१ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने गुप्तचर संस्थांना माणसांवरचे प्रयोग आरोग्य खात्याच्या नियमांत आणि लेखी संमती घेऊनच करण्याचे बंधन घातले. तेव्हा मनाने रशियात जाऊन येणाऱ्यांसाठीही मंजुऱ्या, संमतिपत्रे, देखरेख समिती असा सरंजाम उभा राहिला. डोळे मिटून खुर्चीत बसलेल्या शिपायाला इजा होऊ नये, याची ही काळजी. ज्याच्या घरात, कचेरीत, कपाटात तो मनाने शिरणार, त्या रशियन माणसाची संमती मात्र कुणी विचारली नाही. दूरदृष्टी खरी असेल, तर प्रयोगातला खरा सहभागी तोच, आणि त्याला पत्ताही नाही. ती खोटी असेल, तर प्रयोग चालला होता करदात्यावर, आणि त्याच्याही सहीचा कागद फायलीत नाही. १९९५ साली बाहेरच्या संस्थेने तपासणी केली. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स यांना आकड्यांत काहीतरी दिसले, मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांना काही दिसले नाही. निष्कर्ष असा निघाला की या दृष्टीने दिलेल्या माहितीवर गुप्तचरांची एकही मोहीम चाललेली नाही. तुकडी मोडली गेली.

इथे एक आक्षेप येतो : विषारी वायू नाही, सुई नाही, माणसाला बसवून ‘काय दिसते’ एवढेच विचारायचे, मग एवढा बाऊ कशाला? आक्षेप वरवर रास्त आहे. पण लष्करातल्या प्रयोगाला ‘बसवून विचारणे’ एवढ्यावर राहायची सवय नसते. मनावर ताबा मिळवण्याचा सीआयएचा एमकेअल्ट्रा हा उद्योग १९५३ साली सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रँक ओल्सन या लष्करी शास्त्रज्ञाला त्याच्या नकळत एलएसडी पाजले गेले. काही दिवसांत न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मेला. १९७३ मध्ये संचालक रिचर्ड हेल्म्स यांनी कागदपत्रे नष्ट करायला सांगितली, म्हणून पुढे सिनेटला चौकशी करावी लागली ती चुकून उरलेल्या फायलींवर. आपल्याकडचे उदाहरण याहून जुने आहे. दुसऱ्या महायुद्धाआधीपासून ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत शेकडो हिंदी सैनिकांना मस्टर्ड गॅसच्या कोठड्यांत घातले. हिंदी कातडी गोऱ्या कातडीपेक्षा वेगळी भाजते का, हेही त्यांना पाहायचे होते. त्या जवानांनी ‘नको’ म्हणायचे कुणाला होते? सुभेदाराला? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे वरिष्ठांच्या हुकमाखाली असलेल्यांना, सैनिकांनाही, दुबळ्या गटात धरतात ती यासाठीच. छाती पुढे काढून ‘हो साहेब’ म्हणणारा जवान संमती देत नसतो, हुकूम पाळत असतो.

दुसरा आक्षेप राष्ट्रीय सुरक्षेचा. शत्रूला कळेल, म्हणून दार बंद. क्षेपणास्त्राच्या इंधनाबाबत हे मान्य. पण जी शक्ती आहे की नाही हेच ठरायचे आहे, तिची गुप्तता राखून शत्रूपासून नेमके काय लपवायचे? लडाखच्या आकाशात आपल्या जवानांना महिनोन्महिने संशयास्पद दिवे दिसत होते. चीनचे ड्रोन असावेत, अशी शंका होती. नोंदी ३२९ झाल्या. ऐन सीमेवरचा, खरोखर गुप्त ठेवण्याजोगा प्रश्न असूनही लष्कराने बंगळुरूच्या खगोलशास्त्रज्ञांना बोलावले, आणि २०१३ साली कळले की घुसखोर होते शुक्र आणि गुरू. बाहेरच्याला आत घेतल्याने देश बुडाला नाही, दारूगोळा वाचला. आणि गुप्ततेचे म्हणाल तर २०२३ साली पुण्यातल्या डीआरडीओच्या एका संचालकांना अटक झाली ती मोबाइलवरून पाकिस्तानी हेर बाईंच्या संपर्कात राहिल्याच्या आरोपावरून. खटल्यात काय ठरेल ते ठरो, पण पाकिस्तानने दूरदृष्टीचे पथक पाळल्याचा आरोप कुणीही केलेला नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत सज्जन आहे : विज्ञानाने मन मोकळे ठेवावे, आज चमत्कार वाटते ते उद्या शास्त्र होईल. अगदी खरे. मोकळे मन कसे असते हे पुण्यात दिसले आहे. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना आवाहन केले. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या अशा दोनशे कुंडल्या, त्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या द्यायच्या, कोणती कोणत्या गटातली हे त्याने ओळखायचे. किती बरोबर आले तर यश मानायचे, हा आकडाही आधीच ठरवलेला : चाळिसांत अठ्ठावीस. एक्कावन्न जणांनी तयारी दाखवली, उत्तरे सत्तावीस जणांकडून आली. सरासरी यश ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवले असते तर किंचित जास्त मिळाले असते. सगळे ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले. कुणी उपाशी राहिले नाही, कुणाच्या घरात मनाने शिरले नाही. खर्चही एवढा मामुली की संरक्षण खात्यात त्याची निविदासुद्धा निघाली नसती. संशयी माणूस या प्रयोगात पहिल्या दिवसापासून आत होता. देवऋषीच्या खोलीत नेमके हेच चालत नाही. ‘तुम्ही शंका धरून बसलात, म्हणून आज येत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडी जितके सहज येते, तितक्याच सहज ते अतींद्रियाच्या प्रयोगशाळांतही ऐकू येते, फक्त तिथे त्याला जड इंग्रजी नाव असते.

म्हणून एक सूचना, तीही नियमाबाहेरची नाही. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या त्याच २०१७ च्या तत्त्वांनुसार नीतिसमितीत सात ते पंधरा सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि एक सामान्य नागरिकही लागतो. डीआरडीओला पुढच्या बाबांसाठी समिती नेमायची झाली, तर ती सामान्य नागरिकाची जागा मैंदर्गीला द्यावी. तिथल्या माणसाला दुधनी स्टेशनावर गाडीत बसवावे, दिल्लीत उतरवून घ्यावे. ज्या गावाने करणी-भानामतीच्या इतक्या कहाण्या ऐकल्या, तिथला माणूस सीटी स्कॅन बघून दबणार नाही. ‘रात्री खोलीला कुलूप कुणी लावले? किल्ली कुणाकडे होती? आंघोळीचे पाणी मोजून घेतले का?’ असे तो विचारील. सोबतीला अक्कलकोट तालुक्याचा दक्षता अधिकारी दिला तर आणखी बरे. कायदा त्याला पाठ असतो. हे मान्य होणार नाही, याची कल्पना आहे. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत डीआरडीओचे नाव आहे, तेव्हा का मान्य झाले नाही हे विचारणारा अर्जही बहुधा परत येईल. मात्र त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांपुरता अपवाद आहे, आणि त्यासाठी पंचेचाळीस दिवसांची मुदत दिली आहे. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला पंधरा दिवस पाण्यावाचून ठेवणे त्या अपवादात बसते की नाही, हे केंद्रीय माहिती आयोगाने ठरवायचे. अर्जाला दहा रुपये लागतात.