ओडिसीकर

"‘२००१’ पाहिलाय का?" असं ओडिसीकर विचारतात, तेव्हा त्यांना उत्तर नको असतं. ‘नाही’ म्हणालात तर ते तुमची कीव करतात आणि ‘हो’ म्हणालात तर उलटतपासणी सुरू होते. पहिला प्रश्न : कुठे? मोबाइलवर म्हणालात तर चेहरा सुतकी. टीव्हीवर म्हणालात तर, "म्हणजे नाही पाहिला." पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवर, फिल्म आर्काइव्हमध्ये पाहिला म्हणालात तर मान किंचित हलते, पण लगेच "प्रिंट कुठली होती?" या चौकशीतून सुखरूप सुटलेला माणूस माझ्या माहितीत एकच, त्यांचा टोरंटोचा भाचा. ख्रिस्तोफर नोलनने २०१८ साली कानच्या महोत्सवात या चित्रपटाची ७० मिलिमीटरची प्रिंट दाखवली. पुढे तशा प्रिंटा देशोदेशी फिरल्या आणि भाच्याला ती मोठ्या पडद्यावर लाभली. अर्ध्यातच झोप लागली, असं त्याने फोनवर प्रामाणिकपणे सांगितलं. ओडिसीकर आजही ते अभिमानाने सांगतात, "झोपला, पण सत्तर मिलिमीटरमध्ये झोपला!"

‘२००१’ म्हणजे ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक, वर्ष १९६८. नाव असं सविस्तर सांगावं लागतं, नाहीतर २००१ म्हटल्यावर आपल्या लोकांना ‘लगान’ आणि ‘गदर’ आठवतात.

ओडिसीकर हे नाव मी ठेवलेलं आहे. त्यांच्या दारावरची पाटी वेगळी आहे. एक आमच्या कोथरूडच्या सोसायटीत राहतात, दादरला प्रभात चित्र मंडळाच्या खेळांना दोनचार सापडतील, नाशिक-कोल्हापूरलाही गावात एखादा असतोच. आमचे बँकेतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना महिनाभराची रजा टाकून त्यांनी फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स केला. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं होतं, ‘कौटुंबिक अडचण’. तिथे सतीश बहादूर सरांनी ‘पथेर पांचाली’ एकेका फ्रेमने उलगडून दाखवला आणि तेव्हापासून हे सिनेमा बघेनासे झाले. सिनेमा ‘वाचू’ लागले. वहिनी विचारतात, "मग चष्मा कुठला देऊ, लांबचा की जवळचा?"

अलीकडे त्यांना बरे दिवस आलेत. एआयची बातमी आली की पेपर घेऊन ते कट्ट्यावर हजर. "हॅल! मी अडुसष्ट सालापासून सांगतोय." अडुसष्ट साली ते बालवाडीत होते. हॅल हा त्या चित्रपटातल्या यानावरचा बोलका कॉम्प्युटर. एच, ए, एल या अक्षरांची पुढची अक्षरं घेतली की आय, बी, एम होतात, हे त्यांनी मुंजी-बारशांपासून साठीशांतीपर्यंत सगळीकडे सांगितलेलं आहे. हा निव्वळ योगायोग असल्याचं खुद्द आर्थर क्लार्क, म्हणजे कुब्रिकचा सहलेखक, आयुष्यभर सांगत राहिला. ओडिसीकर तेही सांगतात, पण डोळा मिचकावून.

तर या गृहस्थांनी सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये ‘२००१’ दाखवायचं ठरवलं. सचिवांची अट एवढीच, की मध्यंतरात बटाटेवडे. जाहीर वेळ साडेसहाची होती. सात वाजता दिवे गेले आणि पडदा काळा झाला. काळाच राहिला. एक मिनिट झालं, दोन झाली. मूळ चित्रपटच असा सुरू होतो : जवळजवळ तीन मिनिटं काळोख आणि मागे लिगेटीचं अंगावर काटा आणणारं संगीत. पण हे सचिवांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ते स्टुलावर चढून प्रोजेक्टरची वायर हलवू लागले. वॉचमनला हाक गेली. अंधारातून ओडिसीकर ओरडले, "हात लावू नका! ही ओव्हर्चर आहे, ओव्हर्चर! नांदी!"

"नांदीत गाणारे तरी दिसतात," मागून कोणीतरी म्हणालं.

मग माकडं आली. ‘ही खरी का?’ अशी कुजबुज झाली आणि ओडिसीकरांची जुनी जखम उघडी पडली. मुकाभिनय करणारे कलावंत आहेत ते, अंगावर केस चढवलेले. त्याच वर्षी ऑस्करवाल्यांनी रंगभूषेचा खास पुरस्कार दिला तो ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ला. आमची माकडं परीक्षकांना खरीच वाटली असावीत, अशी शंका क्लार्कने काढली होती. कुब्रिकला उभ्या आयुष्यात एकच ऑस्कर मिळालं, तेही याच चित्रपटाच्या स्पेशल इफेक्ट्सचं. हे सगळं ओडिसीकर माकडं हाडं आपटत असताना, त्यांच्या तालावर सांगत होते. एका माकडाने हाड आकाशात भिरकावलं, आणि पुढच्या क्षणी पडद्यावर अवकाशयान. एका कटमध्ये चाळीस लाख वर्षं पार! हा कट जगातला सर्वांत मोठा कट आहे, हे मला मान्य आहे. सभागृहातल्या बऱ्याच जणांना मात्र तोवरच चाळीस लाख वर्षं झाल्यासारखं वाटत होतं.

पहिला संवाद येतो पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास. तोपर्यंत ‘आवाज बंद आहे का’ असं तीनदा विचारून झालं होतं. एवढं थांबून ऐकायला मिळालं काय, तर लिफ्टमधली बाई एका साहेबांना सांगते, की तुमचा मजला आला.

मध्यंतर मात्र कुब्रिकने बरोबर जागी टाकलंय. दोघे अंतराळवीर हॅलला ऐकू जाऊ नये म्हणून एका छोट्या यानात बसून त्याला बंद करायचा बेत करतात, आणि हॅल काचेतून त्यांच्या ओठांच्या हालचाली वाचत असतो. दिवे लागले. झोपलेले जागे झाले, वडे आले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सगळी सोसायटी एका सिनेमाबद्दल बोलू लागली. "हा आता ह्यांची वाट लावणार." "मला आधीपासूनच त्याचा संशय होता, फार गोड बोलतो." चित्रपटात अखेर एक माणूस भेटला होता, आणि तो कॉम्प्युटर होता. माझं मत विचाराल तर सगळ्या चित्रपटात मरण एकच आहे, हॅलचं. अंतराळवीर एकेक करून त्याची स्मृती काढून घेतो, तो घाबरल्याचं सांगतो, आणि आवाज जड होत होत लहानपणी शिकवलेलं गाणं म्हणू लागतो. बाकीची माणसं मरतात तेव्हा यंत्रावरच्या रेघा फक्त सपाट होतात. पुढच्या रांगेतल्या दोघी त्या वेळी डोळे पुसत होत्या. ओडिसीकरांना तेवढ्यात वाकून सांगायचं होतं, की डग्लस रेन नावाच्या नटाचा तो आवाज आहे. सांगितलंच.

त्यानंतर रंगीत उजेडाचे दहाएक मिनिटं लोट, मग ती पांढरी खोली, म्हातारा होत जाणारा अंतराळवीर, पलंगासमोर काळी शिळा, आणि शेवटी पृथ्वीकडे टक लावून बघणारं ते गर्भातलं बाळ. संपला.

ओडिसीकर याच क्षणासाठी जगतात. दिवे लागले की लोकांच्या चेहऱ्यांवर जो गोंधळ उमटतो, तो पाहायला ते पडद्याकडे पाठ करून उभे राहतात. पण या खेपेला गडबड झाली. लोकांना मतं होती.

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कार्यकारी अभियंता उभे राहिले. त्यांना चित्रपट उत्तम कळला होता. यानातलं ते गोल फिरणारं चाक, ज्यात अंतराळवीर धावतो, ते कसं केलं? ओडिसीकरांना सांगणं भागच होतं : सुमारे ३८ फूट व्यासाचं खरं चाक, व्हिकर्स-आर्मस्ट्राँग या विमानं बांधणाऱ्या कंपनीने इंग्लंडमध्ये उभारलेलं. चाक फिरायचं आणि नट तळाशी धावायचा. "बेअरिंग कुठली वापरली?" अभियंत्यांनी विचारलं आणि तिथेच कागदावर रेघोट्या मारायला घेतल्या. आवडला होता त्यांना चित्रपट, मनापासून. ओडिसीकर दुखावले, कारण चुकीच्या कारणासाठी आवडला होता.

मग तळमजल्यावरच्या काकू. गीतावर्गाला जाणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सोपं आहे हो. आत्म्याने जुनं शरीर टाकलं आणि नवं घेतलं. शेवटी बाळ दाखवलंय की!" बायकांत माना डोलल्या. ओडिसीकर आणखी दुखावले, कारण काकूंना कळला होता. पूर्ण कळला तर आमचा हेतूच फसला, अशा अर्थाचं क्लार्कने म्हटलंय, हे त्यांनी काकूंना ऐकवलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "फसला असेल मग. सगळ्यांचेच हेतू साधतात असं नाही."

आयटीतला एक जावई सुट्टीला आलेला. त्याचं म्हणणं, हॅलची चूकच नव्हती. त्याला एकीकडे सांगितलं खरं बोल, दुसरीकडे सांगितलं मोहिमेचा खरा उद्देश लपव. परस्परविरोधी सूचना. "पुस्तकात स्पष्ट आहे."

पुस्तक! ओडिसीकरांच्या लेखी क्लार्कची कादंबरी वाचून बोलणं म्हणजे ‘अपेक्षित’ पाठ करून बोर्डात येणं. काळी शिळा कुणी पाठवली, पांढरी खोली कुणी बांधली, सगळं क्लार्क सांगून टाकतो. कुब्रिकने तेच सगळं काढून टाकलं. संवाद काढले, निवेदन काढलं, अलेक्स नॉर्थकडून खास करून घेतलेलं संगीतसुद्धा काढलं आणि त्या बिचाऱ्याला ते कळलं थेट चित्रपट बघताना. ओडिसीकरांच्या घरात कादंबरी आहे. कपाटात, मागच्या रांगेत, पाठ भिंतीकडे करून ठेवलेली.

लोक जांभया देत असते तर त्यांना बळ आलं असतं. उठून जाणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे दाखले तयार आहेत. एप्रिल १९६८ मध्ये अमेरिकेत पहिल्या खेळांना नामवंत उठून गेले. रॉक हडसन तर, हे सगळं काय चाललंय ते कोणी सांगेल का, असं म्हणत बाहेर पडला, अशी कथा आहे. पॉलीन केल या फटकळ समीक्षक बाईंनी चित्रपटात कल्पनाशक्तीचाच दुष्काळ आहे म्हणून झोडपलं. कुब्रिकने पहिल्या खेळांच्या आठवड्यातच १९ मिनिटं कापली. ती १९ मिनिटं हा ओडिसीकरांच्या आयुष्यातला कायमचा हळवा कोपरा.

"ती असती तर कळला असता का?" जावयाने विचारलं.

"छे!" ओडिसीकरांचा आवाज भरून आला. "आणखी कळला नसता."

समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांचंही उदाहरण त्यांनी दिलं. आधी त्यांना चित्रपट पटला नव्हता. मग काहीतरी धूम्रपान करून त्यांनी तो पुन्हा पाहिला आणि मत बदललं, हे त्यांनी स्वतःच लिहिलं. त्या काळी तरुण पोरं याच तयारीने पुढच्या रांगांत येऊन बसायची. सचिवांनी तातडीने उभं राहून जाहीर केलं, की क्लब हाउसमध्ये धूम्रपानाला सक्त मनाई आहे.

वहिनी या सगळ्यात वड्यांचे कागद गोळा करत होत्या. त्यांना मत विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, मीच विचारलं. लग्नापासून हा चित्रपट त्यांच्या घरात सासूसारखा वावरतोय. त्या म्हणाल्या, "मला तो फोन आवडतो." कुठला फोन? ते साहेब अवकाशस्थानकावरून घरी व्हिडिओ कॉल करतात. आई बाहेर गेलेली. चिमुरडी मुलगी उचलते. उद्या तिचा वाढदिवस, आणि बाबा येऊ शकत नाहीत. काय आणू विचारल्यावर ती बुशबेबी मागते, झाडावर राहणारं छोटं जनावर. "आणि शेवटी बिल येतं पडद्यावर, एक डॉलर सत्तर सेंट. एवढ्यात मिटवलं बापाने." कागद पिशवीत कोंबत त्या पुढे म्हणाल्या, "आमच्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला हे महोत्सवाला गेले होते. त्यांनी फोन पण केला नव्हता." ओडिसीकर ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. त्यांना ते बिल कधी दिसलंच नव्हतं, हे मात्र चेहऱ्यावर वाचता येत होतं.

ओडिसीकरांचा खरा शत्रू वेगळाच आहे. तो जानेवारीत महोत्सवाच्या रांगेत भेटतो. तो सोलारिसवाला. तारकोव्हस्कीला कुब्रिकचा चित्रपट थंड, निर्जीव वाटला होता आणि त्याने १९७२ मध्ये ‘सोलारिस’ केला, त्यात अवकाशात पोचलेल्या माणसाला त्याचीच मेलेली बायको भेटते. रांगेत दोघांची जुंपते. "तुमच्यात माणूस कुठाय?" "तुमच्यात अवकाश कुठाय? पाच मिनिटं टोकियोच्या उड्डाणपुलांवरून मोटार जाते!" "जायलाच हवी!" "मूळ लेखक लेमलासुद्धा तुमचा सिनेमा आवडला नव्हता!" एवढ्यात मागचा एक तरुण म्हणतो, की ‘इंटरस्टेलर’ बघताना मी रडलो. दोघे एकदम मागे वळतात, आणि पुढची वीस मिनिटं त्यांची मैत्री अभंग असते.

क्लब हाउसची गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण आठवड्याने अभियंता आणखी दोघांना घेऊन ओडिसीकरांकडे आले. चाकाचा प्रसंग पुन्हा बघायचा होता. काकूंच्या गीतावर्गाने वेगळा खेळ मागितला. लिफ्टमध्ये पोरं हॅलच्या गोड आवाजात एकमेकांना ‘सॉरी’ म्हणू लागली. कट्ट्यावर कुणीही उठून शिळेचा अर्थ सांगायचा. लोकांनी उठून जायचं आणि ह्यांनी एकट्याने शेवटपर्यंत बसायचं, यावर उभं केलेलं आयुष्य. आता त्यांना त्यांच्याच चित्रपटाला जागा धरावी लागणार होती. ओडिसीकर दोन दिवस खाली दिसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते आले ते टवटवीत होऊन. "‘२००१’ ठीक आहे," ते म्हणाले, "पण तसा गर्दीचा सिनेमा. पुढच्या महिन्यात आपण ‘स्टॉकर’ लावू." तारकोव्हस्कीचाच, १९७९ चा. शत्रूच्या गोटातला, पण नाइलाज होता. पावणेतीन तासांच्या आसपास लांबी आणि एकूण शॉट १४२. तिघे जण एका निषिद्ध प्रदेशात जातात, जिथे इच्छा पुरी करणारी एक खोली आहे, आणि खोलीच्या दारात पोचून आत जात नाहीत. वेग वाढवा, असं रशियन अधिकाऱ्यांनी सुचवल्यावर तारकोव्हस्की म्हणाला होता, की सुरुवात उलट आणखी संथ हवी, म्हणजे चुकून आलेल्यांना उठून जायला वेळ मिळेल. हे सांगताना ओडिसीकरांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तेज होतं.

सचिवांनी वही काढली. "वडे किती सांगू?"

ओडिसीकरांनी क्षणभर मनाशी हिशोब केला. "दोन," ते म्हणाले. "मला दोन लागतात."